मामा घरी नाहीत

आमच्या सहलीच्या पत्रकात 'वाघदर्शन' या शब्दाच्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती. डास बसून उडून गेल्यावर राहतो तेवढा डाग. मी ती पाहिली नाही असं नाही, पण छपाईतली चूक समजून सोडून दिली. 'दिवस दुसरा : पहाटे चहा-बिस्किटे, वाघदर्शन, नंतर पोटभर न्याहारी' असं छापलेलं असलं की माणसाचं लक्ष न्याहारीकडे जातं. चांदणीचा खुलासा मागच्या पानावर, पैसे परत मिळणार नाहीत आणि औषधं ज्याची त्याने आणावीत या दोन नियमांच्या मधे दडपलेला होता : 'प्राण्याच्या इच्छेवर अवलंबून.' तो मी वाचला सुंदरबनात, तिसऱ्या दिवशी, बोटीत वाचायला दुसरं काहीच उरलं नव्हतं तेव्हा.

तयारी मात्र जोरदार केली होती. चौदा खिशांचं एक खाकी जाकीट घेतलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, जंगलात चौदा लागतातच." बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला दोन खिशांतल्या किल्ल्या सापडत नाहीत." तिचं बोलणं मी मनावर घेतलं नाही आणि चष्मा कुठल्याशा खिशात ठेवला. तो परतीच्या विमानात अकराव्या खिशात सापडला. म्हणजे पुढे मी जे जे पाहिलं म्हणून सांगणार आहे, ते सगळं वाचायच्या जुन्या चष्म्यातून पाहिलेलं आहे, हे प्रामाणिकपणे आधीच सांगून टाकतो.

निघण्याआधी गावाला मावशीला फोन केला. मी वेंगुर्ल्याकडचा. आमच्या घरामागे खाडी आणि खाडीला कांदळवन. आम्ही त्याला तिवरं म्हणायचो आणि त्याच्याकडे बघायला म्हणून कोणी जात नसे. हरवलेली म्हैस तिथे सापडायची. परीक्षेचा निकाल लागला की हरवलेली मुलंही तिथेच सापडायची. ओल्या चड्ड्या त्या फांद्यांवर वाळत घालायच्या आणि त्या सुकेपर्यंत कुर्ल्या धरायच्या, एवढाच आमचा निसर्गाभ्यास. आता त्याच वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. आणि २०२० साली महाराष्ट्र सरकारने पांढऱ्या चिप्पीला राज्याचं कांदळवृक्षपद दिलं. ज्या झाडावर आमच्या चड्ड्या वाळल्या ते झाड आज सरकारी हुद्द्यावर आहे, आणि मी निवृत्त.

मावशीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिवरां बघूक कलकत्त्याक?"

"तिवरांसाठी नाही गं, वाघासाठी."

"आणि वाघान तुका बघल्यान तर?"

मी 'नेटवर्क जातंय' म्हणून फोन ठेवला.

कोलकात्याहून गोदखालीच्या धक्क्यापर्यंत गाडीने शंभरेक किलोमीटर. तिथे रस्ता संपतो आणि पुढे नुसतं पाणी. सुंदरबनात भारताच्या वाट्याला १०२ बेटं आली आहेत. त्यांतल्या ५४ बेटांवर माणसं राहतात आणि उरलेल्या ४८ बेटांवर जंगल. मधल्या नद्यांमधून दिवसातून दोनदा भरती चढते आणि दोनदा ओहोटी लागते, त्यामुळे सकाळी पाहिलेला काठ दुपारी जागेवर असेलच याची खात्री नाही. अशा मुलखात हिंडायचं साधन म्हणजे इंजिन बसवलेली लाकडी बोट. तिला तिकडे भटभटी म्हणतात. आपल्याकडच्या फटफटीची ही पाण्यातली सख्खी बहीण. आवाजावरून नाव ठेवायच्या बाबतीत मराठी आणि बंगाली माणूस एकाच आईची लेकरं आहेत.

बोटीला दोन मजले. खाली स्वयंपाक आणि झोपायच्या गाद्या, वर प्लास्टिकच्या खुर्च्या. आम्ही सतरा जण. वर पोचतो तर पुढच्या ओळीतल्या सहाही खुर्च्यांवर रुमाल. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी आमची जमात दोन हजार किलोमीटरवर, खाऱ्या पाण्यात, वाघाच्या दारातही तेच करते, हे पाहून ऊर भरून आला. मग माझाही रुमाल दुसऱ्या ओळीत टाकला. तो वाऱ्याने नदीत गेला.

पुढच्या सहांत तीन मोठी माणसं होती. एक बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले काका. दुसऱ्या नाशिकच्या काकू, ज्यांच्या पिशवीत चकल्यांचा डबा होता. आणि तिसरे लेन्सवाले. त्यांचं खरं नाव शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही, कारण त्यांच्या तोंडासमोर कायम दीड हात लांबीची लेन्स असायची. जेवतानासुद्धा ती मांडीवर असायची, तान्ह्या बाळासारखी, टोपडं घातलेली.

सजनेखालीला वनखात्याच्या कचेरीत परवाने झाले आणि आमच्या बोटीवर गाइड चढला. जंगलात शिरायचं तर तो घ्यावाच लागतो. सगळे त्याला दादा म्हणत, म्हणून आम्हीही. दादाने पहिलंच वाक्य दबक्या आवाजात टाकलं, "जोंगोल में उसका नाम नहीं लेने का."

"कुणाचं?" बँकवाल्या काकांनी खणखणीत विचारलं. "वाघाचं?"

दादाने कानांना हात लावले. नाव घेतलं की तो येतो, म्हणून इथले मध काढणारे आणि मासेमारी करणारे त्याला मामा म्हणतात, असं त्याने समजावून सांगितलं. नाशिकच्या काकूंना हसू आवरेना. "अहो, नाव घेतल्यावर येत असेल तर घ्या ना! आपण आलोय कशाला?" मग त्यांनी दादाला आपल्या हिंदीत शिकवायला घेतलं, "हमारे में मामा बनाना मतलब उल्लू बनाना. किसी को बनाया तो बोलते हैं, मामा बनाया." दादाने ते गंभीरपणे ऐकलं, ओठांतल्या ओठांत दोनदा घोकलं आणि पुन्हा काठाकडे बघत बसला.

इतक्यात समोरून एक बोट परत येताना दिसली. माकडटोप्या घातलेली तीस-चाळीस मंडळी. आमचा टूर मॅनेजर, ठाण्याचा एक तरतरीत पोरगा, कठड्यावर चढून ओरडला, "दिखा क्या?"

"दिखा! आज सुबह! सात चालीस! सुधन्यखाली!" तिकडून चार-पाच आवाज आले. "पूरा बाघ! पानी पीके गया!" एका गृहस्थाने दोन्ही हात पसरून लांबी दाखवली, अपुरी पडल्यावर शेजाऱ्याचा हातही त्यात धरला.

"फोटो?" लेन्सवाल्यांनी विचारलं.

ते गृहस्थ छातीवर हात ठेवून म्हणाले, "इतना अच्छा दिखा, फोटो का होश किसको था!"

त्यांचा गाइड आणि आमचा दादा एकमेकांकडे बघून बंगालीत काहीसं बोलले आणि हसले. बोट निघून गेली. आमच्याकडे मात्र अंगात आलं. पूर्ण वाघ! म्हणजे अर्धाही दिसतो असं दिसतंय. बँकवाल्या काकांनी डायरी काढली. "भारताच्या बाजूचं जंगल सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर. वाघ शंभराच्या आसपास. म्हणजे बेचाळीस चौरस किलोमीटरला एक. आपली बोट तीन दिवस हिंडणार, दोन्ही बाजूंना नजर जाणार..." पेन्सिल ओठांवर आपटत त्यांनी ताळा मिळवला. "दोन येणं निघतात. तिसरा संशयित."

"येणं म्हणजे?"

"वसुली." काकांची उभी हयात कर्जवसुलीत गेली होती. काठाकडे ते ज्या नजरेने बघत होते, त्या नजरेला भिऊन कोणताही थकबाकीदार झाडीतच राहिला असता.

टूर मॅनेजरने मौनाचा नियम जाहीर केला. आवाज बंद, मोबाइल बंद, हाका मारायच्या नाहीत. खाली इंजिन 'भटभटभटभट' करत सगळा प्रदेश हादरवत होतं आणि वर आम्ही कानात कुजबुजत होतो. एकमेकांचं ऐकू येत नसल्यामुळे प्रत्येक कुजबुज तीनदा आणि चढत्या आवाजात करावी लागे. सगळ्यांत अडचण चकलीची झाली. नाशिकच्या काकूंनी पहिली चकली मोडली तशी सहा माना वळल्या आणि सहा जणांनी "श्श्श" केलं, जे चकलीपेक्षा मोठं होतं. मग एक पद्धत पडली. चकली गालात धरायची, लाळेत भिजू द्यायची, आणि मऊ पडली की गिळायची. सुंदरबनातली माझी पहिली दुपार अशी गेली : समोर जागतिक वारसा, गालात भाजणी.

दादा बिचारा काठावरचं एकेक दाखवत होता. हे गोरान, हा गर्जन, ही सुंदरी, जिच्यावरून या वनाला नाव पडलं म्हणतात. काठाच्या चिखलातून हजारो मुळं वर आली होती, कोणी उलटे खिळे ठोकून ठेवावेत तशी. चिखलात हवा शिरत नाही, म्हणून झाड श्वास घ्यायला मुळांची नाकं वर काढतं.

"मी डोंबिवली फास्टमध्ये हेच करते," बायको म्हणाली.

केओरा झाडाखाली हरणं उभी होती. वर माकडं पाला ओरबाडत, अर्धा खात, अर्धा खाली टाकत, तो हरणांना. पहिलं हरीण दिसलं तेव्हा बोटीत "अय्या!" झालं. पाचवं दिसलं तेव्हा "हं". बारावं दिसलं तेव्हा बँकवाले काका वैतागून म्हणाले, "ही किरकोळ जमा कशाला दाखवतोय?" तपकिरी पंखांचा एक खंड्या आमच्यापासून वीस फुटांवर फांदीवर येऊन बसला. दादा खुर्चीतून अर्धा उठला. हा फार थोड्या किनाऱ्यांवर राहतो, तो दिसावा म्हणून लोक परदेशातून येतात, असं तो पोटतिडकीने सांगत होता. खंड्याने आमच्याकडे पाहिलं. आम्ही सतरा जण त्याच्या पाठीमागच्या चिखलाकडे पाहत होतो. आणखी मिनिटभर त्याने वाट पाहिली आणि अपमान गिळून उडून गेला.

चिखलात एक मासा पाण्याबाहेर येऊन चालू लागला, गालफडं फुगवून, कल्ल्यांजवळच्या परांवर रेटा देत. लेन्सवाल्यांनी लगेच साठ फोटो काढले. मासा असून जमिनीवर चालतो, उत्क्रांतीचा केवढा मोठा टप्पा, वगैरे त्यांनी आम्हाला ऐकवलं. बायको माहेरची उरणची. तिने वाकून निरखून पाहिलं आणि म्हणाली, "निवटी आहेत. आंबट घालून कालवण काय सुरेख होतं." लेन्सवाले त्यानंतर दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत.

मगरींचं गणित वेगळं. पहिल्या दिवशी आम्हाला अकरा मगरी दिसल्या, त्यांतल्या नऊ ओंडके निघाल्या. दहावीबद्दल मतभेद राहिले. यामुळे बोटीत एक प्रकारचा सैलपणा आला. बँकवाले काका खालच्या कठड्याला रेलून, पाण्यात बोटं सोडून, दादाला सांगत होते, "तो बघा, आणखी एक ओंडका." ओंडक्याने डोळा उघडला. पुढचं मी नीट पाहिलं नाही, एक तर चष्मा नव्हता आणि दुसरं म्हणजे काकांचा चहा माझ्या जाकिटाच्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या खिशात शिरला होता. त्यानंतर काका तीन दिवस हात बगलेत धरून बसले. नळाखाली हात धुतानासुद्धा आधी खाली बघत.

दोबांकीला जमिनीपासून उंचावर दोन्ही बाजूंनी जाळी लावलेली लांबलचक वाट आहे. त्या वाटेने आपण चालायचं, जनावरं खाली मोकळी. मधेच जाळीबाहेर एक माकड पिल्लाला पोटाशी धरून बसलं होतं. त्याने आमची रांग पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली, काकूंची चकलीची पिशवी पाहिली, माझं जाकीट पाहिलं, आणि पिल्लाचं तोंड दुसरीकडे वळवलं.

त्याच दिवशी दादाने मुखवट्यांची हकिगत सांगितली. इथला वाघ पाठीमागून येतो. म्हणून १९८६च्या सुमारास मध काढायला जाणाऱ्यांना डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधायला दिले. माणूस आपल्याकडेच बघतोय असं वाटून वाघ बिचकत असे. पुढे मामांनाही ती युक्ती उमगली म्हणतात. हकिगत ऐकल्यापासून बोटीतला प्रत्येक जण मधूनमधून मागे वळून बघू लागला, नदीच्या मधोमध असतानासुद्धा. बँकवाले काका तेवढे निश्चिंत होते. त्यांच्या डोक्याची मागची बाजू पुढच्याइतकीच गुळगुळीत आणि पुढच्यापेक्षा जास्त प्रेमळ दिसते.

आता चिखलाबद्दल सांगायलाच हवं. बायको ते सगळ्यांना सांगते, तर मीच सांगितलेलं बरं. दुसऱ्या दुपारी गोसाब्याला उतरायचं होतं. ओहोटी लागलेली, धक्क्याच्या पायऱ्या निम्म्या उघड्या, बोटीपासून पायरीपर्यंत एक हातभर रुंदीची फळी. टूर मॅनेजर म्हणाला, "सर, हात द्या." मी म्हणालो, "अरे, कोकणातला माणूस मी. चिखलात वाढलोय." हे वाक्य पूर्ण झालं तेव्हा मी गुडघाभर चिखलात होतो. पाय वर काढायला गेलो तर चिखलाने चप्पल ठेवून घेतली. दुसरा पाय काढायला गेलो तर चिखलाला जोडी पुरी करायची होती.

जवळच दोन बायका कोळंबीची पोरं धरायला कमरेएवढ्या पाण्यातून निळी जाळी ओढत होत्या. त्याच पाण्यातून, जिथे काकांच्या ओंडक्याने डोळा उघडला होता. त्यांनी जाळी टेकवली, हसत हसत येऊन मला दोन्ही बखोटांना धरून सुकलेल्या मुळ्यासारखा उपटला आणि पायरीवर ठेवला. मी "धन्यवाद" म्हणालो, "थँक्यू" म्हणालो, मग "धोन्नोबाद"ही म्हणून पाहिलं. त्यांतली म्हातारी काहीतरी बोलली. दादाने भाषांतर केलं, "पूछ रही है, इधर क्या देखने आया?"

"सांग, मामांना बघायला," मी म्हणालो.

म्हातारीने हे ऐकून कपाळाला हात लावला, आणि जाळी उचलून पुन्हा पाण्यात उतरली. अगदी आमच्या मावशीसारखी.

गोसाब्यात डॅनियल हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश साहेबाचा लाकडी बंगला आहे. त्याने इथली बेटं घेऊन सहकारी तत्त्वावर वसाहत उभी केली होती. १९३२ साली रवींद्रनाथ येऊन राहून गेले. आमच्या मंडळींचं लक्ष माझ्या अनवाणी पायांकडे होतं, पण दादाने सहज सांगितलं की हॅमिल्टनने १९३६ साली गोसाब्यापुरती स्वतःची एक रुपयाची नोट काढली होती, आणि बँकवाले काका दोन दिवसांत पहिल्यांदा खुर्ची, वाघ आणि वसुली विसरले. "स्वतःची नोट? तारण काय ठेवलं होतं? सही कोणाची?" दादा उत्तरं देता देता घामाघूम झाला. काका बंगल्याभोवती चार प्रदक्षिणा घालून आले. त्या रात्री ते म्हणाले, "खरं सांगू? वाघ नाही दिसला तरी माझे पैसे फिटले." सकाळी मात्र पुढच्या खुर्चीवर त्यांचा रुमाल होताच.

संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी अंगणात बोनबीबीचा 'पाला', म्हणजे नाटकाचा खेळ, झाला. बोनबीबी म्हणजे इथल्या वनाची देवी. जंगलात जाण्याआधी हिंदू आणि मुसलमान दोघेही तिला हात जोडतात. धोना नावाचा मधवाला दुखे नावाच्या गरीब पोराला मध आणि मेणाच्या बदल्यात दक्षिणरायाच्या, म्हणजे व्याघ्ररूप राक्षसाच्या, हवाली करतो आणि बोनबीबी धावून येऊन पोराला वाचवते, अशी गोष्ट. दक्षिणराय पिवळे-काळे पट्टे रंगवून, शेपूट हलवत पेट्रोमॅक्सच्या उजेडात उतरला आणि लेन्सवाल्यांच्या अंगात वीज संचारली. "डावीकडे! डावीकडे बघा! शेपूट वर!" ते अंगणात लोळण घेऊन खालच्या कोनातून फोटो काढू लागले. दुखेला खाण्याचा प्रसंग त्यांनी दोनदा करवून घेतला. वाघ झालेला माणूस फारच सज्जन. तिसऱ्यांदाही गर्जना करायला तयार होता, पण बोनबीबीला घरी जाऊन भात लावायचा होता.

शेवटच्या सकाळी ओहोटीला निघालो. चिखलाचे काठ उघडे पडले की मामा काठावर यायची शक्यता जास्त, म्हणून सगळे टवकारून बसलेले. पीरखालीच्या एका खाडीत दादाने एकदम हात वर केला. इंजिन बंद. तीन दिवसांत पहिल्यांदा खरी शांतता झाली आणि तिच्यात कोणाच्या तरी गालातली चकली 'कट्' वाजली.

चिखलावर पाऊलखुणा होत्या. पाण्यातून निघून सरळ झाडीत गेलेल्या, खोल, ताज्या, बशीएवढ्या.

"फ्रेश," दादा पुटपुटला. "दो घंटा. मामा पार हुआ है."

कोणी बोललं नाही. मलाही, खोटं कशाला सांगा, पाठीच्या कण्यातून काहीतरी सरकल्यासारखं झालं. मग बायको म्हणाली, "आपल्या बिल्डिंगमध्ये पार्किंगला नवीन सिमेंट घातलं तेव्हा बोक्याने अशाच उठवल्या होत्या. सेक्रेटरींनी केवढा आरडाओरडा केला होता." कण्यातलं ते जे काही होतं, ते निघून गेलं.

पाऊलखुणा जिथे संपत होत्या तिथे हेंताल होता. ही ताडाच्या कुळातली बुटकी, दाट झुडपं. त्यांची वाळलेली पातं पिवळी पडतात आणि मधून काळी सावली, त्यामुळे वाघ त्यात बसला की दिसत नाही, असं दादा पहिल्या दिवसापासून सांगत होता. याचा दुसरा अर्थ असा की वाघ नसला तरी तिथे वाघच दिसतो.

"कान!" नाशिकच्या काकू किंचाळल्या. कुजबुजत किंचाळणं ही कला त्यांनी तीन दिवसांत कमावली होती.

"कुठे?"

"त्या पिवळ्या पानाच्या मागे. पिवळ्या पानाच्या डावीकडे जे पिवळं पान आहे ना, त्याच्या."

सगळ्यांना सगळी पानं पिवळी दिसत होती. बँकवाल्या काकांना शेपूट दिसलं. त्यांच्या मागच्या दोघांना पाठीचा भाग. टूर मॅनेजर हाडाचा धंदेवाईक, त्याला चेहरा दिसला. लेन्सवाले पटापट फोटो काढत होते आणि घाईने म्हणत होते, "आहे, आहे, मूव्हमेंट आहे." मी वाचायच्या चष्म्यातून पाहत होतो. मला एक प्रचंड पिवळा धूसर गोळा दिसला आणि तो माझ्याकडेच बघत होता.

"दिसला," मी म्हणालो.

"अहो, पान हललं," बायको म्हणाली.

"दादा, मामाच ना?" काकूंनी विचारलं.

दादाने खांदे उडवले. "मामा ने तो आप को ज़रूर देखा होगा."

एवढं पुरलं. नकळत काकूंनी पदर सारखा केला, बँकवाल्या काकांनी टोपी नीट केली आणि मी पोट आत घेतलं. वीस मिनिटं आम्ही तसेच बसलो. भरती सुरू झाली, पाणी चढत चढत पाऊलखुणांवर आलं आणि एकेक करून त्या पुसत गेलं. न्याहारीला लुची आणि आलूर दम होता. दुसऱ्या लुचीपर्यंत वाघाचा कान, शेपूट, पाठ आणि चेहरा एकत्र जोडून झाले होते. रसगुल्ल्यापर्यंत तो उठून उभा राहिला होता. लेन्सवाले कॅमेऱ्याच्या पडद्यावर तेच तेच फोटो मोठे करून बघत होते. हेंताल फार सुंदर आला होता.

दुपारी परतीच्या वाटेला लागलो. सामान बांधलं, पुढच्या खुर्च्यांवरचे रुमाल उचलले गेले, आणि समोरून एक बोट येताना दिसली. नवीकोरी माणसं, इस्त्रीचे शर्ट, पुढच्या ओळीत रुमाल. एकाच्या अंगात माझंच जाकीट. त्यांच्यातला एक जण कठड्यावर चढला आणि तोंडाभोवती हात धरून ओरडला, "दिखा क्या?"

कोणी ठरवलं नव्हतं. देवाशप्पथ सांगतो, आमच्यात काही बोलणं झालं नव्हतं. पण सतरा जणांच्या तोंडून एकदम निघालं, "दिखा!"

"आज सुबह!" काकू ओरडल्या. "सात चालीस!"

"पीरखाली!" टूर मॅनेजर.

"पूरा!" बँकवाल्या काकांनी तीन दिवसांनी प्रथमच हात बगलेतून काढले आणि रुंद पसरले. ते पुरेनात म्हणून माझा हात धरला. मीही तो ताणून दिला. "पानी पीके गया!" मी म्हणालो, आणि मला ते लख्ख दिसलंही.

"फोटो?" तिकडून विचारलं.

लेन्सवाल्यांनी मांडीवरच्या दीड हात लेन्सला टोपडं घातलं, हात छातीवर ठेवला आणि डोळे मिटून म्हणाले, "भाईसाब, होश किसको था!"

समोरच्या बोटीत अंगात आलं. खुर्च्या सरकल्या, दुर्बिणी वर गेल्या, कोणीतरी कोणाला तरी "श्श्श" केलं. त्यांच्या गाइडने आमच्या दादाकडे पाहिलं. दोघं बंगालीत काहीसं बोलले आणि हसले. बोट भटभट करत पीरखालीच्या दिशेने वळली.

बायको माझ्याकडे बघत होती. मी चौदा खिशांत चष्मा शोधू लागलो. दादा कठड्याला टेकून पाण्याकडे पाहत होता. बऱ्याच वेळाने, धडा पाठ झालेल्या मुलासारखा, तो काकूंना म्हणाला, "दीदी, मामा बोनाया."

कोणाला, ते त्याने सांगितलं नाही. आणि आम्हीही विचारलं नाही.